घरपट्टी पोस्टाने पाठवली, पोच आली, चेकही वटला, तरी थकबाकीदार कसा?

पडवीतला बाक | ८ मार्च २०२६, रात्री ९:४०

मंडळी, गावची घरपट्टी पोस्टाने पाठवणारे कोणी असाल तर जरा मदत करा.

राहतो डोंबिवलीत, गाव राजापूर तालुक्यात, जैतापूरच्या खाडीकाठी. गावाचं नाव लिहीत नाही, उगाच कोणाला दोष द्यायचा नाहीये. परवा शिमग्याला गेलो होतो. पालखी आमच्या खळ्यात नाचत होती, आई ओटीचं ताट घेऊन उभी होती. तेवढ्यात ग्रामपंचायतीचा शिपाई गर्दीतून वाट काढत आला आणि माझ्या हातात मागणी बिल ठेवून गुलाल उडवत निघून गेला. मागील बाकी १८४०, दंड ९२, चालू १८४०, एकूण ३७७२ रुपये.

आता माझी बाजू. २०२४ च्या सप्टेंबरात चेक रजिस्टर एडीने पाठवला. लाल कार्ड सही-शिक्क्यासह परत आलं, फाइलला लावलेलं आहे. २०२५ ला गणपतीत गावीच होतो, म्हटलं हातोहात भरू, तर सुट्ट्यांमुळे ऑफिसला कुलूप. परत येऊन १२ सप्टेंबरला पोस्टात गेलो तर खिडकीवरची बाई म्हणाली, रजिस्टर १ तारखेपासून स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं, आता स्पीड पोस्टच. तसं पाठवलं. ट्रॅकिंगवर 'डिलिव्हर्ड'. दोन्ही वेळी ३० सप्टेंबरच्या आत, म्हणून ५ टक्के सूट धरून १७४८ चा चेक. दोन्ही चेक वटले, पासबुकात नोंद आहे.

म्हणजे पत्र पोचलं, पैसे पोचले, आणि मी थकबाकीदार. शिपायाला विचारलं तर म्हणाला, "भाऊ, मी फक्त वाटतो." आता ३१ मार्चच्या आत निस्तरायचंय, नाहीतर चालू वर्षावरही दंड बसेल. सुरुवात कुठून करू?

---

क्यूआर भक्त | ८ मार्च, रात्री १०:०५

२०२६ मध्ये चेक? आणि तोही पोस्टाने? काका, महा ई-ग्राम नावाचं ॲप आहे, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर क्यूआर असतो. दोन सेकंदांचं काम.

---

पडवीतला बाक | ८ मार्च, रात्री १०:२०

क्यूआर आहे, नाही कुठे म्हणतोय. पण भिंत गावात आहे आणि मी डोंबिवलीत. ॲपवर आमचं घर सापडलं नाही. का ते अजून कळलं नाही. शिवाय वडील ८१ वर्षांचे. चेकवर त्यांनी स्वतः सही केली नाही तर घरपट्टी भरल्यासारखं त्यांना वाटत नाही. तेवढं चालवून घ्या.

---

टपालहंशील | ९ मार्च, सकाळी ६:५०

टपाल खात्यात ३४ वर्षं काढली, त्यातली शेवटची ११ रत्नागिरी जिल्ह्यात. आमच्या खात्यापुरतं बोलतो.

पहिला प्रश्न: पाकिटावर पिन कोणता लिहिला होता? राजापूर रत्नागिरी जिल्ह्यात म्हणून लोक सर्रास ४१५ ने सुरू होणारा पिन लिहितात. राजापूर ४१६७०२, लांजा ४१६७०१. पिनचे पहिले तीन आकडे टपालाच्या छाटणीचा जिल्हा सांगतात, आणि तो महसुली जिल्ह्याशी जुळेलच असं नाही. चुकलेला पिन असला की पत्र हरवत नाही, पण फिरून येतं. ३० सप्टेंबर गाठायचा असेल तर ते फिरणं महाग पडतं. (१९७२ च्या १५ ऑगस्टला हा पिन सुरू झाला, तो ज्यांच्या डोक्यातून निघाला ते श्रीराम भिकाजी वेलणकर जन्माने आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातलेच. संस्कृतचे मोठे पंडित. तरी राजापूरकर पिन चुकवतात!)

दुसरं, 'डिलिव्हर्ड' या शब्दावर फार विसंबू नका. ऑफिसच्या नावाचं टपाल ऑफिसात जो माणूस असेल त्याच्या हातात जातं. पोस्टमनचं काम तिथे संपतं. ती सही पाकीट मिळाल्याची असते. पाकिटात चेक होता, तो कोणत्या घराचा होता, याच्याशी पोस्टाचा संबंध नाही. ट्रॅकिंगचा स्क्रीनशॉट मात्र त्याच दिवशी काढून ठेवायचा, वर्षभराने शोधायला गेलात तर काही दिसणार नाही.

स्पीड पोस्टबद्दल: विलीनीकरणानंतर लोकांना वाटतं की रजिस्टरची सोय गेली. तसं नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून नवे दर आलेत. ५० ग्रॅमपर्यंतचं पाकीट बाहेरगावी ४७ रुपये, आणि 'नोंदणी' हवी असेल तर वर ५ रुपये, जीएसटी वेगळा. नोंदणी मागितली तर ज्याच्या नावाने पत्र आहे त्याला किंवा त्याने नेमलेल्याला देतात. खिडकीवर तोंड उघडून मागावी लागते, आपणहून कोणी विचारत नाही.

---

तिरफळ | ९ मार्च, सकाळी ८:१५

बाकानू, तुमचो चेक वटलो तरी. आमच्या आजयेन मनीऑर्डर केल्यान हुती, ती पंधरा दिसांनी परत इली. ग्रामपंचायतीत खुर्चेर कोणच नाय, घेतलो कोण? पोस्टमन तीनदा गेलो बिचारो. मगे आजयेन त्याच पैशाचे बांगडे हाडल्यान आणि म्हणाली, "घरपट्टी पोटात गेली."

---

टपालहंशील | ९ मार्च, सकाळी ८:४०

तिरफळ, हे अगदी पाहिलेलं आहे. माझ्या नोकरीत मनीऑर्डरचं कमिशन वीस रुपयांना एक, म्हणजे पाच टक्के होतं. बाकरावांच्या १८४० वर ९२ रुपये. आणि वेळेवर भरल्याची सूटही ९२! एका हाताने मिळायचं, दुसऱ्या हाताने जायचं. पण जुन्या मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली कुपन असायचं, त्यावर माणूस चार ओळी लिहायचा: अमुक घराची, अमुक सालची. इलेक्ट्रॉनिक मनीऑर्डर आली तशी ठरावीक साच्यातले निरोप आले. 'दिवाळीच्या शुभेच्छा' पाठवता येतात, घर नंबर कुठे लिहिणार?

---

सुकेळी | ९ मार्च, दुपारी १:३०

गुहागर तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीत मी पाच वर्षं सदस्य होते. तुमच्या प्रश्नाचं उत्तर पोस्टात नाही, बँकेतही नाही. ते नमुना ९ मध्ये आहे.

एका चेकचा प्रवास सांगते. पाकीट फुटलं की आवक नोंदवहीत नोंद व्हायला हवी. मग चेक बँकेत. मग नमुना १० ची पावती फाडायची, ही कराची पावती. त्या पावतीचा नंबर आणि तारीख नमुना ९ मध्ये, म्हणजे कर मागणीच्या नोंदवहीत, तुमच्या मालमत्तेच्या ओळीत चढवायची. आणि दिवसाची जमा रोकडवहीत, तो नमुना ५. एका चेकला पाच जागा. तुम्हाला मुंबईत बसून त्यातली एकच दिसते, बँकेची. बाकीच्या चार जागी माणूस हाताने लिहितो, किंवा लिहिलेलं संगणकावर चढवतो. बऱ्याच ठिकाणी तो एकच माणूस असतो आणि त्याच्याकडे दोन-दोन गावांचा कारभार असतो. (पूर्वीचे ग्रामसेवक. २०२४ पासून पदाचं नाव 'ग्रामपंचायत अधिकारी' झालंय. नाव वाढलं, माणसं तेवढीच.)

चेक आला, पण कोणत्या घराचा ते पत्रावरून कळलं नाही, तर काय होतं? समंजस माणूस फोन करतो. घाईतला माणूस आडनाव बघून अंदाजाने एखाद्या ओळीत टाकतो. आणि फारच घाई असेल तर नमुना ७ ची सामान्य पावती फाडून मोकळा होतो. पैसे ग्रामपंचायतीत जमा, पण कोणाच्याच घरावर नाहीत.

म्हणून फोन कराल तेव्हा "पैसे मिळाले का" असं विचारू नका. "मिळाले" असंच उत्तर येईल आणि ते खरंही असेल. विचारायचं असं: "अमुक नंबरच्या चेकची नमुना १० ची पावती कोणत्या मालमत्ता क्रमांकावर फाडलीय?" एवढं विचारलंत की समोरचा खुर्चीत सावरून बसतो.

आणि तुम्ही पत्रात मालमत्ता क्रमांक कुठून बघून लिहिलात, ते आधी सांगा. मला तिथेच पाणी मुरतंय असं वाटतंय.

---

पडवीतला बाक | ९ मार्च, रात्री ८:१०

सुकेळीताई, घाबरवलंत.

नंबर दारावरच्या पाटीवरून लिहिला. निळी इनॅमलची पाटी, पांढऱ्या अक्षरांत १४७, एका कोपऱ्यात टवका उडालेला. लहानपणापासून तीच बघतोय. पाकिटावरचा पिन ४१६७०२ च होता, टपालहंशील, तेवढी अब्रू राखली.

---

सुकेळी | ९ मार्च, रात्री ८:२५

झालं. ती पाटी तुमच्या आजोबांच्या काळची असणार. आकारणी दर चार वर्षांनी नव्याने होते. वाटण्या होतात, मांगराचं (गुरांच्या खोपीचं) घर होतं, पडकी घरं यादीतून जातात, आणि क्रमांक सरकतात. पाटी कोणी बदलत नाही. तुमच्या बिलावर कोणता क्रमांक आहे? नीट बघा, वरच्या कोपऱ्यात असतो.

---

पडवीतला बाक | ९ मार्च, रात्री ८:३२

१६३.

आणि मी दोन वर्षं १४७ लिहितोय.

---

तिरफळ | ९ मार्च, रात्री ८:३५

मगे १४७ म्हणजे कोण?? 😀

---

पडवीतला बाक | ९ मार्च, रात्री ८:५०

तेच आईला फोन करून विचारलं. ती दोन मिनिटं काही बोललीच नाही.

पूर्ण वाडी एकाच आडनावाची. त्यात माझ्या आजोबांचं आणि वरच्या घरच्या आजोबांचं नाव एकच, फक्त बापाचं नाव वेगळं. दोन्ही घरं अजून त्या दोघांच्याच नावावर, दोघेही जाऊन तीस वर्षं झाली. १४७ आता वरचं घर आहे, असा आईचा कयास. म्हणजे चेक, आडनाव, नाव, नंबर सगळं जुळत होतं. कारकुनाने शंका तरी का घ्यावी?

आणि वरच्या घराशी आमचं २०११ पासून बोलणं नाही. गडग्यावरच्या, म्हणजे मधल्या दगडी बांधावरच्या, फणसावरून. फणस अजून उभा आहे.

---

कोर्टाची पायरी | १० मार्च, सकाळी ११:००

इथे हसण्यासारखं बरंच असलं तरी कायद्याचं दोन शब्द सांगतो, कारण 'पोस्टात टाकलं म्हणजे भरलं' हा समज फार पसरलेला आहे.

आपल्याकडचाच एक खटला आहे. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा ओगले ग्लास वर्क्स. कारखाना औंध संस्थानात, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानाबाहेर. भारत सरकारला कंदील आणि काचसामान पुरवायचे, सरकार दिल्लीहून पोस्टाने चेक पाठवायचं. प्राप्तिकर खात्याने विचारलं, पैसे मिळाले कुठे, औंधात की दिल्लीत? १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं: चेक पाठवा असं कंपनीनेच सांगितलं होतं, म्हणून पोस्ट खातं कंपनीचं प्रतिनिधी झालं, दिल्लीत चेक पोस्टात पडला तेव्हाच पैसे मिळाले. आणि चेक पुढे वटला की भरणा मागच्या, म्हणजे चेक दिल्याच्या तारखेपासून धरला जातो.

त्याची दुसरी बाजू ध्यानात घ्या. घेणाऱ्याने सांगितलेलं नसताना तुम्ही आपल्या मनाने पोस्टाने पाठवलंत, तर पोस्ट तुमचं प्रतिनिधी. वाटेत गहाळ झालं तर जोखीम तुमची. म्हणून बिलावर किंवा सूचनेत 'धनादेश टपालाने पाठवावा' अशी ओळ असेल तर तो कागद जपून ठेवा. नसेल तर सरळ पत्र लिहून विचारा आणि उत्तर फाइल करा.

बाकराव, तुमच्या बाबतीत भरणा झालेलाच आहे, वाद जमा कुठे झाली एवढाच. माझं मत: भांडायला जाऊ नका. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२९ खालची वसुली बिलापासून सुरू होते, पुढे मागणीचा लेख (लेखी तगादा), मग जप्ती. तुम्ही पहिल्याच पायरीवर आहात. लेखी अर्ज द्या, सोबत दोन्ही चेकच्या बँकेकडून घेतलेल्या प्रतिमा, पासबुकाचं पान, एडी कार्ड आणि तुमच्या पत्राची स्थळप्रत जोडा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्या. माहितीचा अधिकार आहेच, दहा रुपयांत होतो, तीस दिवसांत उत्तर यावं लागतं. पण गावात तो शेवटी काढायचा असतो. आधीच काढलात तर पुढच्या प्रत्येक दाखल्याला 'साहेब मीटिंगला गेलेत'.

---

अटलांटिक पलीकडे | १० मार्च, संध्याकाळी ६:१५

मूळचा दापोलीचा, सध्या न्यू जर्सीत. इथे एप्रिल जवळ आला की हाच विषय. अजूनही पुष्कळ लोक करखात्याला चेक पोस्टाने पाठवतात, जरी सरकार कागदी चेक बंद करायच्या मागे लागलंय. चेक 'युनायटेड स्टेट्स ट्रेझरी'च्या नावाने, त्यावर सोशल सिक्युरिटी नंबर, वर्ष आणि फॉर्मचा नंबर लिहायचा, सोबत १०४०-व्ही ही चिठ्ठी, आणि स्टेपल मारायची नाही.

फरक एक. इथे करकायद्याच्या कलम ७५०२ प्रमाणे मुदतीच्या आत पोस्टाचा शिक्का पडला असेल तर पत्र नंतर पोचलं तरी वेळेत धरतात. पण त्यातही मेख आहे. गेल्या डिसेंबरात इथल्या टपाल खात्याने नियमातच स्पष्ट लिहिलं की शिक्क्याची तारीख ही तुम्ही पेटीत टाकल्याचीच तारीख असेल असं नाही. म्हणून मी खिडकीवर उभा राहून समोर शिक्का मारून घेतो. माझा अमेरिकन शेजारी हसतो. त्याला दापोलीचं पोस्ट माहीत नाही.

---

जमाखर्च | १० मार्च, रात्री ९:३०

रत्नागिरीत सीए आहे. शिक्क्याच्या तारखेवरून आठवलं. आपल्याकडे प्राप्तिकराचं रिटर्न भरल्यावर ई-व्हेरिफाय न करता आयटीआर-व्ही, म्हणजे पडताळणीचा कागद, सही करून खात्याच्या बंगळुरूच्या केंद्राला पाठवणारे अजून आहेत. मुदत ३० दिवस. २०२२ च्या सूचनेत स्पीड पोस्ट केल्याची तारीख धरत होते. ३१ मार्च २०२४ च्या सूचनेनंतर कागद तिथे पोचल्याची तारीख धरतात. माझ्याकडचे एक गुरुजी २८ व्या दिवशी पोस्टात टाकून निर्धास्त झोपले होते.

तेव्हा प्रत्येक खात्याचा नियम वेगळा: कुठे टाकल्याची तारीख, कुठे पोचल्याची, कुठे पावतीची. घरपट्टीत प्रत्यक्षात चालते ती पावतीची. म्हणून ३० सप्टेंबरची सूट हवी असेल तर चेक ऑगस्टमध्ये निघायला हवा. पावसाळ्यात घाटात दरड आली की टपालाची गाडी कुठे अडकते ते टपालहंशील सांगतील. चेकची मुदत लिहिल्या तारखेपासून तीन महिने, तेवढ्यात ऑफिसने तो बँकेत टाकायला हवा. कपाटात राहिला तर संपलं. डीडी पाठवणार असाल तर त्यालाही तीनच महिने.

क्यूआर भक्त, तुम्हालाही सांगतो. युपीआयने भरलंत तरी १२ आकडी व्यवहार क्रमांक तुमच्याकडे राहतो, मालमत्ता क्रमांक त्यांच्याकडे जातोच असं नाही. शेरा लिहायच्या जागी लोक 'घरपट्टी' एवढंच लिहितात. ग्रामपंचायतीच्या खात्याला 'घरपट्टी' सोडून दुसरं येतंच काय?

---

क्यूआर भक्त | १० मार्च, रात्री ९:४१

😐 मी 'टॅक्स' लिहिलं होतं. आत्ता जाऊन बघतो.

---

सुकेळी | ११ मार्च, दुपारी २:००

हसू नका त्याला, निम्मी गावं तशीच भरतात.

सोबतच्या पत्राबद्दल सांगायचं राहिलं. मी सदस्य असताना एका चाकरमान्याचं पत्र यायचं, तसं पत्र मी पुन्हा पाहिलं नाही. वरती मोठ्या अक्षरांत मालमत्ता क्रमांक, ताज्या नमुना ८ च्या, म्हणजे आकारणी नोंदवहीच्या, उताऱ्यावरून. खाली उताऱ्यावर जसं आहे तसंच नाव, बापाच्या नावासकट, वाडी, आणि 'सध्या भरणारा: नातू'. मग चेक नंबर, रक्कम, आणि ती कशी फोडायची: घरपट्टी इतकी, दिवाबत्ती इतकी, आरोग्य कर इतका, पाणीपट्टी इतकी, सगळं चालू वर्षाचं. शेवटी मोबाइल नंबर. पाकिटात स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं दुसरं पाकीट, पावती पाठवायला. चेकच्या मागेही मालमत्ता क्रमांक पेन्सिलने. कारकून त्याची पावती सगळ्यात आधी फाडायचा, कारण त्यात डोकं लावावं लागत नसे.

पावतीची किंमत आम्हा सदस्यांना जास्त कळते. बिल दिल्यापासून तीन महिन्यांत कर भरला नाही तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ प्रमाणे सदस्यत्वावर गदा येते. निवडणूक लागली की पावत्या शोधायला अख्खं गाव ट्रंका उपसतं. एरवी तीच पावती देवघराच्या फळीवर हळदीकुंकवाखाली दाबलेली असते.

आणि एक, पावती म्हणजे मालकी नव्हे. वरच्या घराने 'घरपट्टी भरली' म्हणून तुमच्यावर काही दावा होत नाही, तसा तुमचाही त्यांच्या घरावर होत नाही. फणसाचं भांडण वेगळं ठेवा.

---

कोर्टाची पायरी | ११ मार्च, दुपारी ३:२०

सुकेळीताईंचं रक्कम फोडून लिहिणं महत्त्वाचं आहे. करार अधिनियमात, १८७२ च्या, कलम ५९ ते ६१ हेच सांगतात: देणाऱ्याने कोणत्या देण्यापोटी ते सांगितलं तर तसं जमा करायचं, नाही सांगितलं तर घेणारा ठरवणार. कराच्या बाबतीतही पत्रात स्पष्ट लिहिणाऱ्याचं कधी बिघडत नाही.

---

पडवीतला बाक | २२ मार्च, रात्री १०:३०

उशीर झाला, गावी जाऊन आलो. सगळं सांगतो.

शुक्रवारी सकाळी दहाला ऑफिसात. ताईंनी सांगितलेला प्रश्न शब्दशः विचारला. कारकून खरंच सावरून बसला. दोन्ही वर्षांचे नमुना ९ काढले. १४७ समोर दोन्ही पावत्या, नंबर, तारीख, १७४८ आणि १७४८. माझ्या चेकचा नंबरही शेऱ्यात लिहिलेला. म्हणजे माणसाने काम चोख केलं होतं, माझ्याच पाटीप्रमाणे. मला रागावायला जागाच उरली नाही. १६३ ची ओळ कोरी. पावत्या कुठे गेल्या विचारलं, तर म्हणाला, "वरच्या घरी दिल्या की, शिपायाबरोबर."

अधिकारी म्हणाले, पैसे इकडून तिकडे फिरवता येतील, मासिक सभेपुढे ठेवतो, पण त्या घराचं लेखी आणा की ही रक्कम आमची नाही. आणि ते खरंच होतं, उद्या तेच उलटे फिरले तर?

म्हणजे १५ वर्षांनी त्या घराची पायरी चढायची. आई म्हणाली, "तू जा, मी येत नाही." मग मी गडग्यापर्यंत पोचायच्या आत तीच मागून आली, डोक्यावर पदर घेऊन.

वरच्या घरची काकी पडवीत आमसुलाची सोलं वाळवत बसलेली. आम्हाला बघून उठली नाही, पण सूप बाजूला सरकवलं. मी सगळं सांगितलं. ती आत गेली आणि विम्याच्या जुन्या पाकिटातून दोन्ही पावत्या घेऊन आली. म्हणाली, "माका वाटला, आमच्या मुंबयच्या झिलान भरल्यान. त्याका विचारलंय, तो म्हणालो, हो आई, मीच भरलंय." ती सिंधुदुर्गातून लग्न होऊन आलेली, अजून तसंच बोलते. आई हसली. काकीही. मग दोघी त्या मुलावरच घसरल्या आणि मी मोकळा झालो.

पत्र तिच्या नातवाने वहीच्या पानावर लिहिलं, काकीने सही केली. फणसाचं कोणी नाव काढलं नाही. निघताना तिने पिशवीत सोलं घातली.

दुपारी अर्ज दिला, सोबत पत्र, पावत्या, चेकच्या प्रतिमा. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि गोल शिक्का. दोन्ही पावत्या १६३ वर फिरवून मिळतील, मागच्या वर्षीचा ९२ रुपयांचा दंडही निघेल असं अधिकारी म्हणाले, सभेनंतर. तोंडी आश्वासन आहे हे मला माहीत आहे. सभेचा ठराव हातात आला की इथे लिहीन. काकीच्या घरची दोन वर्षांची घरपट्टी मात्र तिच्या मुलाला आता एकदम भरावी लागणार, दंडासकट.

---

टपालहंशील | २३ मार्च, सकाळी ७:००

ठरावाची नक्कल मागवा, पोस्टाने. नोंदणी करून. 😀

---

तिरफळ | २३ मार्च, सकाळी ७:४०

त्या झिलाक हो धागो वाचूक देव नका.

---

सुकेळी | २३ मार्च, सकाळी ९:१०

छान झालं. नमुना ८ चा ताजा उतारा घेतलात ना? आणि ती पाटी?

---

पडवीतला बाक | २३ मार्च, रात्री ८:००

उतारा घेतला. पाटी काढायला स्क्रू ड्रायव्हर घेऊन उभा राहिलो तर आईने काढू दिली नाही, म्हणाली, सासऱ्यांनी लावलेली आहे. म्हणून तिच्याखाली दारावरच खडूने मोठ्ठं १६३ लिहून आलोय.

---

टपालहंशील | २३ मार्च, रात्री ८:२०

खडू पहिल्या सरीत जाईल. मे महिन्यात जाल तेव्हा ऑइलपेंटने लिहा.